तुरा त्यांचा, फोटो आमचा!

मराठी विभागासाठी लेख कमी पडताहेत, असं आमच्या संपादिकेनं (म्हणजे माझ्या रूममेटनं) मेसमध्ये जाहीर केलं आणि एकजात सगळ्यांनी ताटात डोकं घातलं. त्या दिवशी दुधी भोपळा होता, तरीसुद्धा! माझीच मान तेवढी वर राहिली. झालं, सापडले.

तर वाचकहो, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझा पेपर टाकण्यापुरता विषय होता. निबंधात 'माझा आवडता पक्षी : मोर' सोडून दुसरं काही मी लिहिलेलं नाही, आणि तेव्हा मोर पाहिलेलाही नव्हता. त्यामुळे लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादिकेची. मतं माझी. आणि मत एकाच गोष्टीबद्दल आहे. लेडीज हॉस्टेलमागचं झाड.

हसू नका. कुठलं झाड ते सगळ्यांना कळलंय. टू-व्हीलर पार्किंगवर छत्रीसारखं पसरलेलं ते रेन ट्री. ज्याच्याखाली जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी लावली की 'पांढरा रंग फुकटात मारून मिळेल' अशी पाटी कोणीतरी दरवर्षी लावतं. ज्याच्या वासामुळे मागच्या बाजूच्या खोल्यांतल्या मुली चार महिने खिडक्या बंद ठेवतात. पहिल्या वर्षाला असताना 'या झाडाचा बंदोबस्त करावा' असा अर्ज फिरत होता, त्यावर मीही सही केली होती. इंग्रजीत, झोकदार.

मग दुसऱ्या वर्षी काय झालं ते सांगते.

मे-जूनमध्ये पीएल चालू होती. सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं पुस्तक उघडून मी दुसऱ्या मजल्यावरच्या स्टडी रूमच्या खिडकीत बसत असे. ज्यांनी तो विषय दिलाय त्यांना कळेल की अशा वेळी खिडकीबाहेर जे काही असेल ते फार इंटरेस्टिंग वाटू लागतं. बाहेर बगळे होते. मला वाटायचं बगळा म्हणजे बगळा, पांढरा आणि बोअर. पण इथे एक बगळा अर्धा नारिंगी झालेला! डोकं, मान, पाठ, हळद लागलेल्या नवऱ्यासारखी. मला वाटलं कुठेतरी रंगात पडला असेल. मग दुसरा दिसला, मग दहा.

मेसमधल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "गायबगळा हाय तो. पाऊस जवळ आला की असाच हुतो." मग खालच्या फांदीवर बसलेल्या दुसऱ्या एका पक्ष्याकडे बोट करून म्हणाल्या, "आनि ती ढोकरी बघ. शालू नेसलाय की गं तिनं."

खरंच शालू. ढोकरीला पुस्तकात वंचक म्हणतात. वंचक म्हणजे फसवा, हे मला डिक्शनरीत बघावं लागलं. नाव बरोबर आहे. एरवी हा पक्षी डबक्याच्या कडेला चिखलाच्या रंगाचा होऊन उभा असतो, दिसतच नाही, आणि उडाला की एकदम पांढरे पंख उघडतो. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र त्याची पाठ गडद मरून होते, डोक्यावरून लांब पिसं मागे लोंबायला लागतात, आणि काहींचे तर पायही थोडे दिवस लालसर होतात. त्याच्या वरच्या फांद्यांवर छोटे बगळे. त्यांच्या डोक्यामागून दोन लांब पिसं रिबिनीसारखी खाली येतात आणि पाठीवर, छातीवर झिरझिरीत पिसांची झालर असते. नर काडी घेऊन येतो, मादी मान वर करते, दोघं सगळी पिसं फुलवतात, काडी एका चोचीतून दुसऱ्या चोचीत जाते, आणि ती मादी ती काडी घरट्यात अशी काही खोचते की आमच्या सिव्हिलच्या लोकांनी लाजावं. (सिव्हिलवाले, दिवे घ्या.) संध्याकाळी रातबगळे 'क्वाक' करून ड्यूटीवर निघायचे, तेव्हा बाकीचे घरी परतत असायचे. एकाच झाडावर दोन शिफ्ट!

तो विषय मला राहिला, हे ओघानं आलंच.

काकांकडून मी त्यांचा जुना डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स मागून आणली. इथे थोडं टेक्निकल सांगते, कारण हॉस्टेलमधल्या निम्म्या जणांकडे आता कॅमेरा आहे आणि सगळ्यांचे बगळे ट्यूबलाइटसारखे येतात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. मागे गर्द झाडी आणि मध्ये चिमूटभर पांढरा पक्षी असला की मीटर झाडी उजळायला जातो आणि बगळा भाजून निघतो. पिसांचा तपशील एकदा गेला की गेला, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. म्हणून अशा वेळी एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप कमी ठेवायचं, आणि हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकत नाही ना ते बघायचं. कडक उन्हापेक्षा ढगाळ सकाळ कितीतरी बरी. आणि शटर वेगवान हवं, कारण ती झालर कधीच स्थिर नसते. आपल्या नेहमीच्या पिसाचे तंतू एकमेकांत बारीक आकड्यांनी अडकलेले असतात, बॅगेच्या चेनसारखे. म्हणून पीस सपाट आणि ताठ राहतं. या झालरीच्या पिसांना ते आकडे जवळजवळ नसतातच. प्रत्येक तंतू मोकळा, त्यामुळे आपल्याला जाणवणारही नाही अशा वाऱ्यावर ती हलतात. नुसतं बघत बसावं असं आहे ते.

आणि हे सगळं टिकतं किती दिवस? छोट्या बगळ्याच्या डोळ्याजवळची कातडी ऐन जोडी जमताना गुलाबी-लाल होते, गायबगळ्याची पिवळी चोच लालसर होते. हा रंग थोड्याच दिवसांचा पाहुणा. अंडी पडली की उतरायला लागतो. पिसं त्याहून जास्त टिकतात, पण पिल्लं मोठी होईपर्यंत तीही झिजून, चिकटून, पार मेसच्या फडक्यासारखी होतात. म्हणजे फोटोवाल्याला हवे असतात ते नेमके दिवस पक्ष्याच्या वर्षातले सगळ्यात नाजूक दिवस असतात. घरटं अर्धं झालेलं, अंडी येणार किंवा नुकतीच आलेली, आणि कावळे टपलेले. माझं जे काही म्हणणं आहे ते इथून सुरू होतं.

स्टडी रूमच्या खिडकीतून झाड शंभरेक फुटांवर आहे. फोटोत पक्षी बोटभर येतो. मला फुल फ्रेम हवी होती. पाण्याच्या टाकीच्या गच्चीवरून वरच्या फांद्या अगदी डोळ्यांसमोर येतात, पंधरा फुटांवर. वॉचमन मामांना "प्रोजेक्ट आहे" म्हणून किल्ली मागितली. पहिले दोन दिवस मी कठड्याआड बसून राहिले. तिसऱ्या दिवशी, जुलैचा पहिला आठवडा होता, मला अँगल मिळेना म्हणून सरळ उभी राहिले.

सगळे उडाले. वरच्या फांद्यांवरचे वीस-पंचवीस बगळे एकदम. मी इतकी खूश! बोट बटणावरून काढलंच नाही. पिसं फुललेली, पंख उघडलेले, मागे काळं आभाळ. एक मिनिटही झालं नसेल. मग दोन कावळे आले. घाईगडबड काही नाही, जणू मी बोलावल्यासारखे आले. एकानं घरट्यात चोच घातली आणि फिकट निळसर हिरवं अंडं घेऊन निघून गेला. दुसऱ्यानं तिथेच बसून खाल्लं. बगळे घिरट्या घालत होते, पण मी उभी होते ना, खाली कसे उतरणार?

त्यातला एक फोटो फेब्रुवारीत आपल्या फेस्टच्या प्रदर्शनात लागला होता. 'मॉन्सून ब्राइड'. दुसरं बक्षीस मिळालं. खूप जणांनी येऊन कौतुक केलं, आणि ज्यांनी केलं त्यांची मी आज माफी मागते. कारण मूळ फ्रेममध्ये डाव्या कोपऱ्यात कावळा आहे. मी तो क्रॉप केला.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलं ते वाचनामुळे. सुट्टीत मी बगळ्यांवर मिळेल ते वाचत होते आणि त्यात टोप्यांची गोष्ट सापडली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसं लावायची फॅशन होती. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षी अभ्यासकानं न्यूयॉर्कच्या बाजारभागात फेरफटका मारत टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ वर पिसं! सगळ्यात मागणी बगळ्याच्या या झालरीला. तिचा भाव वजनाला सोन्यापेक्षा वर गेला होता. आता ही पिसं येतात फक्त विणीच्या दिवसांत. आणि त्याच दिवसांत बगळा घरट्यापासून लांब जात नाही, माणूस आला तरी परत परत येतो. शिकाऱ्यांसाठी यापेक्षा सोपं काय? झाडाखाली उभं राहायचं आणि मारत सुटायचं. मोठे पक्षी मेले की वर पिल्लं उपाशी मरायची. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये या वसाहती राखणारा गाय ब्रॅडली नावाचा वॉर्डन होता, त्याला १९०५ साली गोळी घालून मारलं.

आपल्याकडूनही हा माल जायचा. १९०२ साली हिंदुस्थान सरकारनं पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि तरी खुद्द ब्रिटनमध्ये आयातबंदीचा कायदा व्हायला १९२१ उजाडलं.

पण मला सगळ्यात लागलं ते पुढचं. ऑस्ट्रेलियात मॅटिंग्ली नावाचा एक हौशी पक्षीनिरीक्षक १९०६ साली न्यू साउथ वेल्समधल्या बगळ्यांच्या वसाहतीत गेला, तेव्हा शिकारी येऊन गेले होते. पिसं उपटलेले बगळे खाली पडलेले आणि वर घरट्यांत पिल्लं माना ताणून ओरडत होती, चारा घेऊन येणारं कोणी नव्हतं. त्यानं फोटो काढले. ते फोटो लंडनला पोचले, आणि १९११ साली पक्षी वाचवणाऱ्या संस्थेनं ते पाट्यांवर लावून माणसांना शहराच्या भारी दुकानांच्या रस्त्यांवरून फिरवलं. जिथे टोप्या विकत होत्या, तिथेच. त्यावरून कायदा लगेच झाला नाही, पण लोकांनी बघितलं. म्हणजे फोटो हा उपद्व्यापच आहे असं मी म्हणत नाही. त्याचाही कॅमेरा घरट्याशीच होता. फरक एवढाच, की त्यानं दाखवलं आणि मी क्रॉप केलं.

आता आपल्या झाडाकडे परत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या अर्जावर 'कार्यवाही' झाली. आपल्याकडे अर्जावर कार्यवाही होते हीच बातमी, पण ती झाली ऐन पिल्लांच्या दिवसांत. सकाळी नऊला कॉन्ट्रॅक्टरची माणसं दोर-करवत घेऊन आली. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी वर बघायला सांगितलंच नव्हतं. पहिली फांदी पडली तेव्हा मी लॅबमध्ये होते. आवाज ऐकून गेले तर पार्किंगमध्ये सगळीकडे पिल्लं. बगळ्याचं पिल्लू बघितलंय कधी? अजिबात गोड नसतं. डोक्यावर उभे केस, हिरवट कातडी, चोच नुसती आ. घाबरलं की पोटातलं सगळं ओकतं. माझ्या बुटावर एकानं अर्धा पचलेला बेडूक ओकला. तिसऱ्या फांदीनंतर माझ्या वर्गातल्या एका मुलानं मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि सरळ ऑफिसात जाऊन दाखवला. अर्ध्या तासात काम थांबलं. त्या व्हिडिओला एक्स्पोजर नाही, फोकस नाही, हात थरथरतोय. माझ्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त काम त्यानं केलं.

अकरा पिल्लं मेली. मी मोजली. एकोणीस आम्ही मेसच्या खोक्यांत भरली आणि वन विभागाची गाडी येऊन घेऊन गेली. खाली पडलेल्या पिल्लाला आई-बाप खाली येऊन भरवत नाहीत, हे तेव्हा कळलं. ते बिचारे वर मोकळ्या झालेल्या जागेवर येऊन उभे राहत होते.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ साली हायवे रुंद करताना पक्ष्यांच्या वसाहतीचं झाड असंच पाडलं आणि कितीतरी पिल्लं मेली. त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. आणि ज्यांना वाटतं की बगळे काय, कावळ्या-चिमण्यांसारखेच, त्यांनी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधली 'शिकार' या शब्दाची व्याख्या जरूर वाचावी. बंदूक, सापळा वगैरे आहेच, पण रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं, हेही शिकारीतच मोडतं. ते वाचल्यावर मी गच्चीवरचा तो दिवस आठवून थोडा वेळ गप्प बसले. सर्टिफिकेट मात्र मी भिंतीवरून काढलंय.

आता काही जण म्हणतील, तुला बोलायला काय जातं, तुझी गाडी नाही, तुझी खोली पुढच्या बाजूला. मान्य! वास खरा आहे. दोरीवर वाळत घातलेला एप्रन तिसऱ्यांदा धुवावा लागला की कोणाचंही पक्षीप्रेम आटतं. मागच्या बाजूच्या मुलींनी चिडू नये असं मी म्हणूच शकत नाही. पण त्यावर उपाय करवत नाही. सप्टेंबरपर्यंत पार्किंग वर्कशॉपच्या शेडमागे हलवता येतं, तिथे आत्ता नुसती गंजलेली बाकं पडली आहेत. झाडाखाली चुना टाकून आठवड्यातून दोनदा झाडून घेता येतं. आणि फांद्या छाटायच्याच असतील, खिडकीला लागतात, वायरला लागतात, तर जानेवारीत रीतसर परवानगी काढून छाटा. तेव्हा घरटी रिकामी असतात. हे मी आमच्या मेंटेनन्सच्या सरांना प्रत्यक्ष बोलले आहे. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलंय. यावेळी मराठीत.

फोटोवाल्या दोस्तांशी मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तुमची संख्या वाढतेय आणि जात एकच आहे, माझी. 'एकच फोटो, पाच मिनिटं' हे वाक्य मीही मामांना म्हटलं होतं. कावळ्याला पाच मिनिटं खूप झाली. तुम्ही एकटे नसता हेही लक्षात घ्या. माझा फोटो बघून त्या महिन्यात चार जणांनी गच्चीची किल्ली मागितली. मी स्वतः दोघांना सांगितलं की कुठे उभं राहायचं! हल्ली बऱ्याच फोटो स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत. आपल्या फेस्टच्या नियमांत ते यंदा घाला, असं मी कल्चरल कमिटीला सांगितलंय. लागू पहिला माझ्यावरच होईल.

बरं, हे फक्त घरट्यापुरतं आहे असंही नाही. गेल्या मार्चमध्ये नेचर क्लबबरोबर भिगवणला गेलो होतो. उजनी धरणाचं बॅकवॉटर, नावा, फ्लेमिंगो, आणि नंतर माशाचं जेवण, हे तुम्हाला माहीत असेलच. मी बघत होते गॉडविट. लांब चोचीचे, चिखलात चोच खुपसून चरणारे. थंडीभर राखाडी असतात, पण मार्चअखेर काहींच्या माना आणि छात्या विटकरी व्हायला लागतात. लग्न यांचं लांब उत्तरेत, हजारो किलोमीटरवर. कपडे मात्र इथूनच चढवायला घेतात! आता त्या दिवसांत त्यांचं एकच काम असतं, खाणं. प्रवासाला लागणारी चरबी इथल्या चिखलातूनच साठवायची. आमच्या नावेत एक गृहस्थ होते, एका लेन्सची किंमत आमच्या चार वर्षांच्या फीइतकी. ते नावाड्याला सारखे म्हणत होते, "दादा, जरा जवळ घे, उडू दे त्यांना." दादा बिचारा गिऱ्हाईक नाराज नको म्हणून घेत होता. थवा उडाला, सगळ्यांचे कॅमेरे कडकडले. थवा लांब जाऊन बसला, परत नाव वळली. तीनदा. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "अंकल, बास ना." ते म्हणाले, "बेटा, फ्लाइट शॉटशिवाय मजा नाही." मला काय बोलावं सुचेना, कारण गच्चीवर मला पण तेच वाटलं होतं.

इंदापूरचं उदाहरण मला त्यामानानं बरं वाटतं. तिथे तहसील कचेरीच्या आवारात जुन्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. गुलाबी झाक असलेले, मोठाले. खाली माणसं दाखले काढायला येतात, वर संसार चालू. खालच्या माणसाला वरच्यांचं काही नसतं आणि वरच्यांना खालच्याचं. फोटो तिथेही निघतात, जमिनीवर उभं राहून, मान दुखेपर्यंत वर बघून. तसाच निघायला हवा.

या जूनमध्ये मी फक्त स्टडी रूममधून काढले. नोंदवहीही ठेवली आहे. १२ जूनला पहिली काडी आली, त्याच्या आदल्या दिवशी एका ढोकरीचे पाय लाल दिसले. तोडलेल्या तीन फांद्यांच्या जागी यंदा एकही घरटं नाही, पण पलीकडच्या बाजूला दाटी झालीय. खिडकीतून मोजली तेव्हा ३४ भरली. माझे फोटो लांबचे आहेत, बोटभर पक्षी, आजूबाजूला भरपूर झाड. त्यातला एक या लेखासोबत द्यायला संपादिकेला दिलाय. छापताना मोठा करू नकोस, असं तिला बजावलंय. कोपऱ्यात कावळा बसलेला दिसेल, तोही राहू दे.

आणि मेंटेनन्सच्या सरांना आणखी एक विनंती, लेखी द्यायची राहिली म्हणून इथेच करते. स्टडी रूमच्या डावीकडच्या खिडकीची खालची काच दोन वर्षांपासून फुटलेली आहे. लेन्स बरोब्बर त्यातून बाहेर जाते. सप्टेंबरपर्यंत ती बसवू नका.